चुकू शकणारे मन : मानसिक प्रतिरूपांना अर्थ कुठून येतो?

शनिवारवाड्यातली लाकडी दालने 1828 च्या आगीत जळून गेली. आज तिथे तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. तरीही पुण्यात वाढलेला किंवा पुणे कधीच न पाहिलेला माणूस त्या दालनांविषयी विचार करू शकतो, त्यांच्या रचनेवरून वाद घालू शकतो, त्यांच्याविषयी चुकीची समजूतही बाळगू शकतो. तो विचार करत असताना त्याच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश देत असतात, रसायने सुटत आणि शोषली जात असतात. हे सारे कवटीच्या आत आणि आत्ता घडते. दालने कवटीबाहेर होती आणि जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी नाहीशी झाली. मग आतल्या घडामोडीचे बाहेरच्या, आता नसलेल्या वास्तूशी नाते जुळते ते कशाने?

निसर्गातले इतर संबंध असे वागत नाहीत. दगड भिंतीला टेकायचा तर भिंत असावी लागते. पाण्याने मीठ विरघळवायचे तर मीठ असावे लागते. विचाराला मात्र आपला विषय समोर असण्याची गरज नसते. तो गेलेल्या काळातला असेल, अजून न आलेल्या पावसाळ्यातला असेल, किंवा कल्पवृक्षासारखा कधीच नसलेला असेल. मनात जगाच्या वतीने जे उभे राहते त्याला या पुस्तकात मानसिक प्रतिरूप म्हटले आहे, आणि ते ज्याविषयी असते व त्याला जसे दाखवते त्याला आशय. प्रतिरूपांना आशय मिळतो कसा, हा या पुस्तकाचा एकमेव प्रश्न आहे. गेल्या दीडशे वर्षांत मनाच्या तत्त्वज्ञानातली फार मोठी बौद्धिक शक्ती या प्रश्नावर खर्ची पडली. मराठीत त्याची सलग ओळख व्हावी, या तळमळीने हे लेखन झाले आहे.

प्रश्न कुठे अवघड होतो हे आधी पाहिले पाहिजे. जगात अर्थ असलेल्या वस्तू पुष्कळ आहेत : महाराष्ट्राचा नकाशा, चौकातला लाल दिवा, या पानावरची अक्षरे. लाल दिव्याचा अर्थ ‘थांबा’ असा आपण ठरवला म्हणून आहे. उद्या निळा दिवा ठरवला तर निळ्याचा होईल. अशा वस्तूंचा अर्थ आपल्या मनातल्या हेतूंकडून आणि संकेतांकडून आलेला असतो. पण मग मनातल्या हेतूंना अर्थ कोणी दिला? मेंदूत बसून प्रतिरूपे वाचणारा दुसरा कोणी कल्पिला, तर त्याच्या मनाविषयी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. शेजारणींनी एकमेकींकडून वाटीभर साखर उसनी आणावी, पण कोणाच्या तरी डब्यात साखर मुळात असलीच पाहिजे, तसे हे आहे. अर्थाची उसनवारी कुठेतरी थांबायला हवी. जिथे ती थांबते तिथला मूळचा अर्थ कशाचा बनलेला आहे, हे सांगणे म्हणजे या प्रश्नाला उत्तर देणे.

आधुनिक काळात या चर्चेची सुरुवात फ्रान्झ ब्रेंटानोपासून करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. 1874 साली, व्हिएन्ना विद्यापीठात तो प्राध्यापक म्हणून आला त्याच वर्षी, त्याचा अनुभवाधिष्ठित मानसशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक मानसिक घटना कशाच्या तरी दिशेने वळलेली असते, असे त्याने मांडले. प्रेम कोणावर तरी असते, इच्छा कशाची तरी असते, निर्णय कशाविषयी तरी असतो. ही विषयाभिमुखता हाच मानसिकाला भौतिकापासून वेगळे करणारा गुण, असा त्याचा दावा होता. विसाव्या शतकात रॉडरिक चिझमने तो भाषेच्या अंगाने पुन्हा धारदार केला. भौतिक जगाच्या वर्णनात कुठेही ‘कशाविषयी तरी असणे’ नसेल आणि मनात ते सर्वत्र असेल, तर मन निसर्गाचा भाग कसे? बहुतेक आधुनिक सिद्धान्त या आव्हानाला दिलेली उत्तरे आहेत.

सर्वांत जुने उत्तर सादृश्याचे आहे : विचार त्याच्या विषयासारखा असतो, म्हणून तो त्याविषयी असतो. ते फार काळ टिकत नाही. सादृश्य दोन्ही बाजूंनी सारखेच असते. चित्र माणसासारखे असेल तर माणूसही चित्रासारखा असतो, पण माणूस चित्राविषयी नसतो. जुळ्या भावांतल्या एकाचे छायाचित्र दुसऱ्यालाही तितकेच जुळते, तरी ते एकाचेच असते. शिवाय ‘नाही’, ‘परवा’, ‘न्याय’ यांचे चित्र कसे काढणार? नकाशासारख्या प्रतिरूपांत रचनेच्या साम्याला खरोखर महत्त्व आहे आणि ते मी एका प्रकरणात मान्य केले आहे. पण निव्वळ साम्याने अर्थ जन्माला येत नाही.

दुसरे उत्तर भूमिकेचे आहे. एखाद्या प्रतिरूपाचा आशय त्याच्या इतर प्रतिरूपांशी असलेल्या नात्यांतून ठरतो. ‘पाऊस’ या कल्पनेतून ढग, ओल, छत्री, पेरणी अशा कल्पनांकडे जाता येते, आणि ही जाण्यायेण्याची वाट हाच तिचा अर्थ. यात तथ्य आहे, पण अडचणही मोठी आहे. जॉन सर्लने 1980 साली ‘चिनी खोली’चा दाखला दिला. खोलीत बसलेल्या माणसाला चिनी येत नाही. तो नियमावली पाहून आलेल्या चिन्हांच्या बदल्यात दुसरी चिन्हे बाहेर देतो आणि बाहेरच्यांना उत्तरे बिनचूक वाटतात. तरी त्याला एकही शब्द कळलेला नसतो. चिन्हांचे चिन्हांशी नाते कितीही दाट विणले तरी त्यातून जगाकडे दार उघडतेच असे नाही. स्टीव्हन हार्नाडने 1990 साली याच अडचणीला चिन्हांना जमीन मिळण्याचा प्रश्न असे रूप दिले.

जमीन हवी, तर जगाकडूनच सुरुवात करावी. 1957 साली पॉल ग्राइसने अर्थाचे दोन प्रकार वेगळे केले. धूर म्हणजे आग, अंगावरचे पुरळ म्हणजे गोवर : हा निसर्गातला अर्थ, कोणाच्याही हेतूशिवाय असलेला. घंटेचे तीन टोल म्हणजे गाडी भरली : हा संकेतातला अर्थ. फ्रेड ड्रेट्स्कीने 1981 च्या ग्रंथात पहिल्या प्रकारावर इमारत उभी करायला घेतली. झाडाच्या खोडातली वर्तुळे त्याचे वय सांगतात, कारण वय आणि वर्तुळे यांच्यात नियमाने बांधलेला संबंध आहे. मेंदूतल्या अवस्थाही जगातल्या परिस्थितीशी अशाच नियमाने बांधलेल्या असतील, तर त्या परिस्थितीची माहिती वाहतील. आशय म्हणजे ही माहिती. उसनवारीचा प्रश्न इथे खरोखर सुटल्यासारखा वाटतो, कारण धुराला अर्थ देणारा कोणी लागत नाही.

इथेच मात्र या साऱ्या विषयाची कळ दडलेली आहे. धूर खोटे बोलू शकत नाही. आग नसताना धुरासारखे काही दिसले, तर त्या वेळी त्याचा अर्थ आग असा नव्हताच, असे आपण म्हणतो. मन मात्र चुकते. तिन्हीसांजेला वाटेत पडलेली दोरी पाहून ‘साप’ असा विचार मनात येतो. साप दिसल्यावर जो विचार येतो तोच इथे दोरीमुळे आला. आशय जर कारणावरून ठरत असेल, तर ज्याला आपण ‘साप’ म्हणतो त्या विचाराचा अर्थ खरे तर ‘साप किंवा अंधारातली दोरी’ असा व्हायला हवा. मग दोरी पाहून तो विचार आला यात चूक कसली? जे जे त्या विचाराला जागे करील ते ते त्याच्या अर्थात सामावून जाईल आणि कोणीही कधीही चुकणार नाही. जो सिद्धान्त चुकीला जागाच ठेवत नाही, त्याच्या हाती अर्थ आलेलाच नाही.

माझे या पुस्तकातले सारे म्हणणे या एका कसोटीभोवती उभे आहे. चुकू शकणे ही अर्थाची खूण आहे. जे चुकू शकत नाही त्याचे जगाशी नाते असेल, अगदी घट्ट असेल, पण ते नाते अर्थाचे नव्हे. प्रतिरूप जगाला एका विशिष्ट रीतीने दाखवते, आणि जग तसे नसण्याची शक्यता त्या दाखवण्यातच असते. म्हणून प्रत्येक सिद्धान्ताला मी हेच विचारले आहे : तुझ्या हिशेबात मन चुकते तेव्हा नेमके काय होते?

जेरी फोडरचे उत्तर अतिशय चतुर आहे. 1987 आणि 1990 च्या ग्रंथांतून त्याने ते मांडले. दोरीमुळे ‘साप’ हा विचार येतो, कारण सापांमुळे तो आधीपासून येत असतो. सापांशी असलेले नाते तुटले तर दोरीही तो विचार जागा करणार नाही. उलट दोरीशी असलेले नाते तुटले, डोळे तेज झाले, उजेड वाढला, तरी सापांशी असलेले नाते शाबूत राहील. म्हणजे चुकीचे कारण बरोबर कारणावर अवलंबून आहे, पण बरोबर कारण चुकीच्या कारणावर नाही. हा एकतर्फी आधार कुठे आहे ते पाहा, म्हणजे अर्थ सापडेल. उत्तर देखणे आहे, पण त्याच्या मुळाशी एक रिकामी जागा राहते. हा आधार एकतर्फी का असतो? विचाराचा अर्थ साप असा आहे म्हणूनच तो तसा असतो असे म्हटले, तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले.

दुसरी वाट जीवशास्त्रातून जाते. रूथ मिलिकनने 1984 च्या ग्रंथात ती आखली आणि डेव्हिड पॅपिनोनेही जवळपास त्याच काळात स्वतंत्रपणे त्याच दिशेने पावले टाकली. हृदयाचे काम रक्त पुढे ढकलणे हे आहे. एखादे हृदय आजारी असेल आणि ते काम करत नसेल, तरी त्याचे काम तेच राहते. म्हणून तर आपण त्याला बिघडलेले म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या परिणामामुळे एखादा अवयव टिकून राहिला, तो परिणाम घडवणे हे त्याचे कार्य. प्रतिरूपे घडवणाऱ्या आणि वापरणाऱ्या यंत्रणांनाही अशी कार्ये आहेत, आणि जिथे कार्य आहे तिथे ते न साधण्याची शक्यता आहे. चुकीला अखेर निसर्गात घर मिळते. सर्पभयाची यंत्रणा साप टाळण्यासाठी टिकली. दोरीने ती चाळवली, तर तिने आपले काम नीट केले नाही.

या वाटेवरही काटे आहेत, आणि सर्वांत प्रसिद्ध काटा एका बेडकाने पेरला आहे. 1959 साली जेरोम लेटविन, उंबेर्तो मातुराना, वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी बेडकाचा डोळा त्याच्या मेंदूला काय सांगतो यावर एक निबंध प्रसिद्ध केला. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू लहान, गडद, हलत्या ठिपक्याला जोरात प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले. ठिपका हलला की बेडूक जीभ फेकतो. तळ्याकाठी असे ठिपके बहुधा माश्याच असतात. प्रयोगशाळेत हलवलेली निर्जीव गोळीही चालते. आता बेडकाच्या मेंदूतल्या त्या अवस्थेचा आशय काय? माशी? खाद्य? की हलता काळा ठिपका? ‘ठिपका’ म्हणाल तर गोळीवर झेपावलेला बेडूक चुकलेलाच नाही. ‘खाद्य’ म्हणाल तर तो चुकला. मिलिकन म्हणते, प्रतिरूप वापरणाऱ्याकडे पाहा : पोटाला जे हवे ते खाद्य, म्हणून आशय खाद्याचा. कॅरेन नीअँडर म्हणते, प्रतिरूप घडवणाऱ्या यंत्रणेकडे पाहा : ती ठिपका टिपण्यासाठी घडली आहे. फोडर म्हणतो, निवडीचा इतिहास यांतले एकही उत्तर निवडून देऊ शकत नाही. एका लहानशा जिवाच्या झेपेवरून झालेला हा वाद मला किरकोळ वाटत नाही. आशय किती नेमका असतो, आणि तो नेमकेपणा जिवाच्या कोणत्या क्षमतांमुळे येतो, याचा निकाल त्यावर अवलंबून आहे.

आणखी एक आक्षेप डोनाल्ड डेव्हिडसनच्या 1987 च्या कल्पनेतून येतो. दलदलीत वीज कोसळते, डेव्हिडसन भस्म होतो आणि त्याच क्षणी शेजारच्या झाडाच्या द्रव्यातून त्याची हुबेहूब प्रतिकृती योगायोगाने तयार होते. ती घरी जाते, मित्रांना भेटते, निबंध लिहायला बसते. तिला इतिहास नाही, म्हणून कार्य नाही, म्हणून आशय नाही, असे म्हणावे लागते. अनेकांना हे पटत नाही. मला वाटते, अशा टोकाच्या कल्पनेपुढे सिद्धान्त लगेच टाकून देऊ नये. पण तिने विचारलेला प्रश्न टाळूही नये.

इतिहासाकडे आणि जगाकडे बोट दाखवणारी आणखी दोन नावे इथे आवश्यक आहेत. 1975 साली हिलरी पटनमने एका जुळ्या पृथ्वीची कल्पना केली. तिथले सारे इथल्यासारखे, पण नद्यांतून वाहणारा, तहान भागवणारा द्रव वेगळ्याच रासायनिक घडणीचा. रसायनशास्त्र जन्मण्यापूर्वीचा इथला माणूस आणि त्याचा तिथला जुळा यांच्या डोक्यात काहीच फरक नाही, तरी एकाचा विचार पाण्याविषयी आहे आणि दुसऱ्याचा त्या दुसऱ्या द्रवाविषयी. चार वर्षांनी टायलर बर्जने ही गोष्ट समाजापर्यंत नेली. एका माणसाला वाटते की आपला आर्थ्रायटिस मांडीत पसरला. डॉक्टर सांगतात, तो सांध्यांचाच आजार आहे. माणूस आपली चूक मान्य करतो. समाजात तो शब्द वेगळ्या रीतीने वापरला जात असता, तर त्याच माणसाचा तोच उद्गार बरोबर ठरला असता. म्हणजे आपण काय विचार करतो हे काही अंशी आपल्या भोवतालच्या वस्तू आणि आपली भाषा बोलणारी माणसे ठरवतात. मला यात दिलासा वाटतो. अर्थ एकट्याने कमवावा लागत नाही. जाणकारांच्या ज्ञानावर विसंबून आपण न पाहिलेल्या गोष्टींचा विचार करू शकतो.

दोरी आणि साप यांचे नाव निघाल्यावर मराठी वाचकाला वेदान्त आठवणार. भ्रम कसा घडतो यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके कसून वाद झाला आणि त्याला ख्यातिवाद म्हणतात. शिंपल्यावर चांदी दिसते तेव्हा ज्ञानाचा विषय काय असतो? नैयायिक म्हणतात, चांदी खरीच आहे, पण अन्यत्र पाहिलेली. इथे ती समोरच्या वस्तूवर लादली गेली, म्हणजे एक वस्तू दुसऱ्या रूपात भासली. प्राभाकर मीमांसक म्हणतात, खोटे ज्ञान असे काही नसतेच : समोरच्या चमकत्या वस्तूचे ज्ञान आणि चांदीची आठवण अशी दोन खरी ज्ञाने आहेत, त्यांतला भेद तेवढा उमगला नाही. अद्वैती म्हणतात, ती चांदी सत्‌ही म्हणता येत नाही, असत्‌ही नाही. बौद्धांच्या एका परंपरेने तिला ज्ञानाचाच आकार मानले. ज्ञानाला स्वतःचा आकार असतो की ते निराकार असून केवळ विषयाशी जोडलेले असते, हा वाद तर प्रतिरूपांच्या आजच्या वादाच्या अगदी शेजारी येऊन बसतो. नव्यन्यायात रघुनाथ शिरोमणीने विषयतेला, म्हणजे ज्ञानाच्या विषयाशी असलेल्या नात्याला, दुसऱ्या कशातही न विरघळणारा स्वतंत्र पदार्थ मानले. ब्रेंटानोच्या आधी काही शतके घेतलेली ही भूमिका आहे.

तरीही दोन्ही परंपरांची सरमिसळ मी केलेली नाही. ख्यातिवाद्यांपुढे प्रामाण्याचा आणि मोक्षाचा प्रश्न होता. अर्थाला भौतिक निसर्गात बसवायचे ओझे त्यांच्यावर नव्हते. त्यांच्याकडून घ्यायचे ते मर्म हे की, ज्ञानाचा सिद्धान्त भ्रमाच्या दारातून तपासावा. प्राभाकरांनी चूकच नाकारली, तेव्हा त्यांना किती किंमत मोजावी लागली, हे त्यांच्या विरोधकांनी बारकाईने दाखवले आहे. केवळ कारणसंबंधावर उभ्या असलेल्या आधुनिक सिद्धान्तांनी ते वाचण्यासारखे आहे.

या प्रश्नाला आज नव्याने निकड आली आहे. 1971 साली जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी नोंदवल्या, ज्या उंदीर एका ठराविक जागी आला की सक्रिय होतात. या कामासाठी ओकीफला 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले; मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर त्याचे सहमानकरी होते. पुढे मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी 1994 साली दाखवले की, जागेपणी एकत्र सक्रिय झालेल्या अशा पेशी नंतरच्या झोपेतही एकत्र सक्रिय होतात. जागा समोर नाही, पाय हलत नाहीत, आणि तरी पेशी जणू त्या जागेविषयीच काही सांगत आहेत. ‘ही पेशी जागेचे प्रतिरूप आहे’ असे वाक्य मेंदूविज्ञानात रोज लिहिले जाते. ते खरे कशामुळे ठरते, हे प्रयोगाच्या आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी आशयाचा सिद्धान्त लागतो.

दुसरी निकड यंत्रांनी आणली आहे. आज संगणक मराठीत सलग, नेटके परिच्छेद लिहितात. त्या वाक्यांना अर्थ आहे तो त्यांचा, की वाचणाऱ्या आपला? भूमिकेचा सिद्धान्त मानणारा यंत्राच्या आतल्या दाट नात्यांकडे बोट दाखवेल. कारणसंबंध मानणारा विचारेल, या चिन्हांचा जगाशी धागा कोणता? आणि जीवशास्त्रीय वाटेने जाणारा विचारेल, हे चुकले तर कोणाचे काय बिघडते? हे तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. उत्साहाने किंवा भीतीने घाईघाईत उत्तर देण्यापेक्षा ते नीट वेगळे करणे मला अधिक मोलाचे वाटते.

वाचकाने कोणत्या क्रमाने वाचावे याचे बंधन नाही. तत्त्वज्ञानाची सवय नसेल तर बेडकाच्या आणि दोरीच्या प्रकरणांपासून सुरुवात करावी; ब्रेंटानो आणि भाषेचे तर्कशास्त्र नंतर वाचले तरी चालेल. माझा कल कुठे आहे हे मी लपवलेले नाही. कार्य आणि इतिहास यांच्या वाटेने जाणारी मिलिकनची दिशा मला सर्वांत आश्वासक वाटते, कारण चुकीला तिच्यात मूळचे स्थान आहे, बाहेरून चिकटवलेले नाही. पण अमूर्त कल्पना, गणित, कधीच नसलेल्या वस्तू यांच्यापर्यंत ती अजून समाधानकारकपणे पोचलेली नाही, आणि शेवटची दोन प्रकरणे त्या उणिवेलाच दिली आहेत. अर्थ हा जीव आणि जग यांच्यात चालणाऱ्या, बिघडू शकणाऱ्या आणि म्हणूनच सुधारता येणाऱ्या व्यवहाराचा गुण आहे, हे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे. ते पटावे म्हणून मी युक्तिवाद दिले आहेत; ते कुठे तोकडे पडतात हे वाचकाने शोधावे आणि मराठीत लिहून सांगावे.